पत्रातली पदनामे आणि संक्षेप : नाशिकमध्ये नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी

सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात ऑफिसच्या कामाला लागलात की थोड्याच दिवसांत कोणीतरी सांगते, "एवढे एक पत्र टाईप करून दे." मजकूर साहेब तोंडी सांगतात. पण ‘प्रति’खाली नेमके काय लिहायचे, ‘मा.’ लावायचे की नाही, एमआयडीसीच्या अक्षरांमध्ये टिंबे द्यायची का, पदनामानंतर स्वल्पविराम येतो का, हे कोणी बसून शिकवत नाही. जुनी फाईल उघडून त्यातले पाहून लिहायचे, अशीच रीत आहे. जुन्या फायलीतले पत्र चुकलेले असेल तर ती चूक पुढची दहा वर्षे त्याच ऑफिसातून बाहेर पडत राहते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. सरकारी कार्यालयात गेलेले पत्र सगळ्यात आधी साहेब वाचत नाहीत, आवक टेबलावरचा लिपिक वाचतो. तो मजकुरात शिरत नाही. वरच्या चार ओळी आणि विषय पाहतो, शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो आणि कोणत्या टेबलाकडे पाठवायचे ते ठरवतो. म्हणजे पत्राची वाट ठरते ती पदनामावरून. पदनाम आणि संक्षेप त्या लिपिकासाठी लिहायचे, हे एकदा ठरवले की खालचे बरेचसे नियम आपोआप सुचतात.

पहिली पायरी : पदनाम खात्री करून घ्या

सातपूरला त्र्यंबक रोडवर आयटीआयजवळ उद्योग भवन आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे आपल्या एमआयडीसीचे, प्रादेशिक कार्यालय तिथे आहे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचेही आहे. दोन्हींच्या प्रमुखाचे पदनाम एकच, प्रादेशिक अधिकारी. आता पत्रावर नुसते ‘मा. प्रादेशिक अधिकारी, उद्योग भवन, सातपूर’ एवढेच लिहिले, तर भूखंड हस्तांतराचा अर्ज प्रदूषण मंडळाच्या आवक टेबलावर जाऊ शकतो आणि संमतिपत्राच्या नूतनीकरणाचा अर्ज एमआयडीसीच्या. कोणी मुद्दाम अडवत नाही, पण कागद खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जाईपर्यंत मुदत निघून जाते. म्हणून पदनामाच्या पाठोपाठ, स्वतंत्र ओळीत, संस्थेचे पूर्ण नाव आलेच पाहिजे.

एकाच संस्थेतही पद बदलले की काम बदलते. एमआयडीसीत भूखंडाच्या वाटपाचे आणि हस्तांतराचे काम प्रादेशिक अधिकाऱ्यांकडे असते, पाणीपुरवठ्याची किंवा रस्त्याची तक्रार कार्यकारी अभियंत्यांकडे जाते. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिकचे वेगळे आणि माध्यमिकचे वेगळे.

मग खात्री कुठून करायची? त्या कार्यालयाकडून तुमच्या कंपनीला आलेले शेवटचे पत्र काढा आणि सहीखाली काय छापले आहे ते पाहा. ते त्यांनी स्वतः लिहिलेले असते, त्यामुळे त्याहून चांगला आधार नाही. ‘उपअभियंता’, ‘उपजिल्हाधिकारी’, ‘सहआयुक्त’, ‘सहसंचालक’ यांत उप आणि सह पुढच्या शब्दाला जोडून लिहायचे. ‘अपर जिल्हाधिकारी’, ‘अतिरिक्त आयुक्त’, ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ यांत शब्द सुटे राहतात. पण एखाद्या कार्यालयाच्या लेटरहेडवर ‘उप-प्रादेशिक अधिकारी’ असे मधल्या रेघेसह छापले असेल, तर त्यांना पाठवायच्या पत्रात तसेच लिहा. दुसऱ्याचे पदनाम दुरुस्त करणे आपले काम नाही.

इंग्रजी पदाचा मराठी शब्द अडला, तर राज्याच्या भाषा संचालनालयाचा पदनाम कोश पाहा. मनाने भाषांतर करू नका. खासगी कंपनीत मात्र नेमणूकपत्रात जे पद आहे तेच चालवा. ‘प्रॉडक्शन इंजिनिअर’ म्हणून नेमलेल्या माणसाला पत्रात ‘उत्पादन अभियंता’ केले आणि भविष्य निर्वाह निधीच्या कागदात पुन्हा इंग्रजी ठेवले, तर हे दोघे वेगळे की एकच, असा प्रश्न कोणालाही पडेल.

दुसरी पायरी : ‘प्रति’च्या ओळी

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याचा कारभार मराठीत चालतो, त्यामुळे राज्य सरकारच्या कार्यालयांना जाणारी बहुतेक पत्रे तुम्हाला मराठीतच करावी लागतील. वरचा भाग असा दिसायला हवा :

प्रति,
मा. प्रादेशिक अधिकारी,
महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ,
उद्योग भवन, त्र्यंबक रोड,
सातपूर, नाशिक – ४२२ ००७.

विषय : भूखंड हस्तांतराच्या अर्जाबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. …, दि. ….

महोदय,

प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, शेवटच्या ओळीला पूर्णविराम. काही कार्यालये आता ओळींच्या शेवटी काहीच चिन्ह देत नाहीत. तेही चालते, पण अर्ध्या ओळींना स्वल्पविराम आणि अर्ध्या उघड्या असे नको.

‘विषय’ आणि त्यापुढच्या दोन टिंबांमध्ये मी जागा सोडली आहे, ती हेतुपूर्वक. देवनागरीत विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला सारखे. चिकटवून टाईप केले की ‘विषयः’ असा संस्कृत वाटणारा शब्द तयार होतो. कीबोर्डवर दोन्हींच्या कळा वेगळ्या आहेत. घाईत विसर्गाची कळ दाबली जाते आणि मग फाईलमध्ये ‘विषय :’ असे शोधताना ती पत्रे सापडत नाहीत.

आता ‘मा.’ विषयी. माननीय हा मान एकदाच द्यायचा. ‘मा. श्री. अमुक साहेब’ यात तीन आदर एका ओळीत कोंबले आहेत. पदाला उद्देशून लिहिताना ‘मा.’ पुरते, नावाला उद्देशून लिहिताना ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ पुरते. ‘साहेब’ बोलण्यात ठेवा, कागदावर नको. सरकारी कार्यालयाला लिहिताना शक्यतो नाव लिहूच नका, पद लिहा. अधिकाऱ्यांची बदली होते, खुर्ची तिथेच राहते. नावाने गेलेले पाकीट खासगी टपाल समजून न उघडता बाजूला ठेवले जाऊ शकते.

अधिकारी महिला असल्या तरी ‘जिल्हाधिकारी’, ‘तहसीलदार’, ‘व्यवस्थापक’, ‘आयुक्त’ ही पदनामे बदलत नाहीत. बदलते ते ‘महोदय’चे ‘महोदया’. ‘अध्यक्षा’, ‘मुख्याध्यापिका’, ‘संचालिका’ अशी रूपे जिथे ती संस्था स्वतः वापरते, तिथे वापरा.

कंपन्यांना लिहिताना ‘मे.’ लावायची पद्धत आहे. मेसर्स हा शब्द मुळात भागीदारी पेढीसाठीचा. ज्या नावाच्या शेवटी ‘प्रा. लि.’ आहे त्याच्या आधी ‘मे.’ची गरज नसते. कंपनीच्या नावात मात्र एकही चिन्ह स्वतःच्या मनाने बदलू नका. नोंदणीत ‘अँड’ असेल तर ‘आणि’ करू नका, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ पूर्ण असेल तर करारात ते पूर्णच हवे.

तिसरी पायरी : वाक्यात पदनाम

देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. त्यामुळे पद उठून दिसावे म्हणून नवे लोक ते ठळक करतात, अवतरणचिन्हात टाकतात किंवा कंसात कोंबतात. यातले काहीच नको. मराठीत पदाला मान मिळतो तो ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांच्याकडे’ या शब्दांनी.

‘कार्यकारी अभियंताने पाहणी केली’ हे व्याकरणाने चूक आहे आणि कानालाही खटकते. ‘कार्यकारी अभियंत्यांनी पाहणी केली’ हे बरोबर. ‘कार्यकारी अभियंता यांनी पाहणी केली’ हेही बरोबर, आणि कार्यालयीन पत्रात मला हेच जास्त आवडते, कारण पदनाम जसेच्या तसे राहते, शब्दाला प्रत्यय लागून त्याचे रूप बदलत नाही. आवक टेबलावरच्या माणसाला ते एका नजरेत सापडते. ‘यांनी’ मात्र सुटेच हवे. ‘अभियंतायांनी’ असे जोडलेले छापील पत्रांतही दिसते.

नाव आणि पद दोन्ही आले तर पदाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या : ‘श्री. अमुक, गुणवत्ता व्यवस्थापक, यांनी नमुना तपासला.’ बहुतेक जण पहिला देतात आणि दुसरा विसरतात. पद नावाच्या आधी आले तर एकाही स्वल्पविरामाची गरज नाही : ‘गुणवत्ता व्यवस्थापक श्री. अमुक यांनी नमुना तपासला.’

चौथी पायरी : टिंब द्यायचे की नाही

इथे थोडे थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे.

कसोटी सोपी आहे. संक्षेप मोठ्याने वाचा. वाचताना तुम्ही पूर्ण शब्द उच्चारत असाल, तर तो फक्त लिहिण्यापुरता आखूड केलेला आहे, त्याला टिंब द्या. ‘डॉ.’ लिहितो पण डॉक्टर वाचतो. तसेच श्री., क्र., दि., जि., ता., मु. पो., रु., प्रा. लि. वगैरे. आणि तुम्ही जे लिहिले आहे तेच उच्चारत असाल, तर तो आता स्वतःच एक शब्द झाला आहे, त्याला टिंब नको : मनपा, जीएसटी, पीएफ, एमआयडीसी, आणि निमा, आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटना.

नाशिक या बाबतीत फार श्रीमंत आहे. १८४० सालचे सार्वजनिक वाचनालय, नाशिक हे गावाच्या तोंडी ‘सावाना’ झाले. मराठा विद्या प्रसारक समाज ‘मविप्र’ झाला. मराठी संक्षेपात शब्दाचे पहिले अक्षर काना-मात्रा-वेलांटीसह येते, म्हणून ‘सावाना’ हे नावासारखे गोड ऐकू येते. त्यात ‘सा. वा. ना.’ अशी टिंबे घातली की शब्द मोडतो. माणसाच्या नावातल्या आद्याक्षरांना मात्र टिंब आणि टिंबानंतर जागा, दोन्ही हवे : वि. वा. शिरवाडकर. कुसुमाग्रजांच्या गावात निदान हे तरी चुकू नये असे मला मनापासून वाटते. ‘वि.वा.शिरवाडकर’ असे चिकटवले की ओळ तुटायची तिथे तुटत नाही. आणि साधी जागा सोडली की कधीकधी ‘वि.’ एका ओळीत आणि ‘वा.’ पुढच्या ओळीत जाते. वर्डमध्ये टिंबानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबा, म्हणजे जागा राहते आणि आद्याक्षरे एकत्रच राहतात. ‘दि. ५’, ‘क्र. १२’ यांनाही हेच करा.

इंग्रजी अक्षरांवरून आलेले संक्षेप देवनागरीत सलग लिहायचे. ‘एम. आय. डी. सी.’ ही जुनी पद्धत. ती चूक नाही, पण एकाच पत्रात वर ‘एमआयडीसी’, खाली ‘एम.आय.डी.सी.’ आणि सहीजवळ ‘एम आय डी सी’ असेल, तर कोणीही म्हणेल की हे तीन ठिकाणांहून उचलून चिकटवले आहे.

प्रत्यय लावण्याचा प्रश्न इथेच येतो. बिनटिंबाच्या संक्षेपाला प्रत्यय थेट जोडा : मनपाने, एमआयडीसीत, निमाच्या बैठकीत, जीएसटीसह. ‘एमआयडीसी ने’ असे तोडू नका, ती हिंदीची सवय आहे. टिंबाच्या संक्षेपाला प्रत्यय लावायची वेळ आली तर पूर्ण शब्द लिहा. ‘जि. प.च्या’ यापेक्षा ‘जिल्हा परिषदेच्या’ कितीतरी स्वच्छ दिसते. वाक्य टिंबाच्या संक्षेपावर संपले तर शेवटी एकच टिंब, दोन नाहीत.

पाचवी पायरी : एका संक्षेपाचे दोन अर्थ

‘ता.’ म्हणजे तालुकाही आणि तारीखही. पत्रात ‘ता. सिन्नर’ असेल तर तारखेसाठी ‘दि.’च वापरा. ‘प्रा.’ म्हणजे प्राध्यापक, प्रायव्हेट आणि प्राथमिक. ‘मा.’ म्हणजे माननीय आणि माध्यमिक. त्यामुळे ‘मा. शिक्षणाधिकारी (मा.)’ अशी ओळ तयार होते. दुसऱ्या ठिकाणी ‘माध्यमिक’ पूर्ण लिहा. ‘ना. रोड’ असे पत्त्यात लिहू नका. ‘ना.’ नामदारांसाठी आहे, नाशिक रोड पूर्ण लिहायला काही जागा लागत नाही.

‘मनपा’ म्हटले की शहरात कोणालाही नाशिक महानगरपालिकाच कळते. पण याच जिल्ह्यात मालेगाव महानगरपालिकाही आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाला लिहिताना पहिल्यांदा पूर्ण नाव द्या.

सगळ्यात जास्त दिसणारे उदाहरण विजेचे. लोक अजून ‘एमएसईबी’ म्हणतात आणि पत्रातही तसेच लिहितात. एमएसईबी म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, आणि त्या मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले. वीज वितरण महावितरणकडे, पारेषण महापारेषणकडे आणि निर्मिती महानिर्मितीकडे गेली. एकलहऱ्याचे औष्णिक विद्युत केंद्र महानिर्मितीचे आहे, तुमच्या कारखान्याचे बिल महावितरणचे. वीजजोडणीचा भार वाढवायचा अर्ज असेल तर ‘महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी मर्यादित’ असेच लिहायला हवे.

कारखान्याच्या आतले संक्षेपही तपासा. ‘पीओ’ म्हणजे परचेस ऑर्डर हे तुम्हाला माहीत, पण बँकेत पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर. ‘एमडी’ म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर, पण तेच पत्र एखाद्या रुग्णालयाला जाणार असेल तर ती वैद्यकीय पदवी होते. ‘सीईओ’ कंपनीत एक, जिल्हा परिषदेत दुसरे.

म्हणून नियम असा : बाहेर जाणाऱ्या पत्रात संक्षेप पहिल्यांदा येतो तेव्हा पूर्ण नाव लिहा आणि लगेच ‘यापुढे महामंडळ’ किंवा ‘यापुढे मविप्र’ असे नोंदवा. नंतर तेच रूप शेवटपर्यंत. पूर्ण नाव पत्रात एकदाच येणार असेल, तर संक्षेप सांगायची गरजच नाही. जीएसटी, पॅन, आधार, पिन कोड यांचा विस्तार करत बसू नका. ‘जीएसटी टॅक्स’ हेही नको, टॅक्स त्यात आलेलाच आहे.

सहावी पायरी : इंग्रजी मेल

परदेशी किंवा परप्रांतीय ग्राहकाला इंग्रजीत लिहिताना कॅपिटलचा प्रश्न येतो. आपल्याकडे आदर म्हणून प्रत्येक पदाचे पहिले अक्षर कॅपिटल करण्याची सवय आहे. इंग्रजीत कॅपिटल अक्षर आदराचे चिन्ह नाही, विशेषनामाचे आहे. एवढे समजले की पुढचे सोपे.

पद नावाच्या लगेच आधी, नावाचाच भाग म्हणून आले तर कॅपिटल. नावानंतर स्वल्पविराम देऊन आले, किंवा नावाशिवाय एकटेच आले, तर स्मॉल. म्हणजे ‘प्लांट मॅनेजर’ हे शब्द नावाला जोडून आधी आले तर पी आणि एम कॅपिटल. ‘अवर प्लांट मॅनेजर विल कॉल यू’ अशा वाक्यात दोन्ही स्मॉल. पत्त्याच्या ओळीत, सहीखाली आणि व्हिजिटिंग कार्डावर मात्र नेहमी कॅपिटल. ग्राहक कंपनीची स्वतःची पद्धत वेगळी असेल आणि ती त्यांच्या मेलमध्ये स्पष्ट दिसत असेल, तर त्यांना लिहिताना ती पाळा.

सीईओ, एमडी, जीएम यांची सगळी अक्षरे कॅपिटल, मध्ये टिंबे नाहीत. पण विस्तार करताना ती सगळीच कॅपिटल राहतात असे नाही. ‘पीओ’ कॅपिटल असले तरी वाक्यात पूर्ण लिहिलेली ‘परचेस ऑर्डर’ स्मॉल, कारण ते कोणाचे नाव नाही. एमआयडीसीचा विस्तार मात्र कॅपिटल, कारण ते एका संस्थेचे नाव आहे.

अनेकवचन करताना फक्त स्मॉल एस जोडा. मध्ये वरचा स्वल्पविराम टाकला की अर्थ ‘पीओचा’ असा होतो, ‘पीओज’ असा होत नाही. ही चूक कोटेशनच्या मेलमध्ये फार दिसते. आधी ‘ए’ की ‘अॅन’ हे पहिल्या अक्षरावरून नाही, उच्चारावरून ठरते : ‘एमआयडीसी’चा उच्चार स्वराने सुरू होतो म्हणून ‘अॅन’, ‘यूएसबी’चा ‘यू’ ऐकायला ‘य’ म्हणून ‘ए’.

पूर्ण मेल कॅपिटलमध्ये टाईप करू नका. त्यात सगळेच संक्षेप हरवतात.

सातवी पायरी : सहीखाली

स्वतःच्या नावाआधी ‘श्री.’ लिहायचे नाही, तो मान दुसऱ्याने द्यायचा असतो. क्रम असा : ‘आपला विश्वासू,’ किंवा ‘आपली विश्वासू,’ मग सहीसाठी जागा, मग पूर्ण नाव, खालच्या ओळीत पदनाम, त्याखाली कंपनी. साहेबांच्या वतीने सही करत असाल तर ‘करिता’ लिहून साहेबांचे पदनाम. प्रत पाठवत असाल तर ‘प्रत माहितीसाठी :’ आणि त्याखाली पुन्हा पूर्ण पदनामे, कारण ती प्रत दुसऱ्या कार्यालयाच्या आवक टेबलावर जाणार आहे.

आठवी पायरी : एक यादी करा

पहिल्या महिन्यातच एक्सेलमध्ये चार रकाने पाडा : संस्थेचे पूर्ण नाव, ज्या पदाला पत्र जाते ते पदनाम, ठरवलेला संक्षेप, आणि हे कोणत्या पत्रावरून घेतले त्याचा क्रमांक व तारीख. कंपनीचे ज्यांच्याशी रोजचे काम आहे अशी कार्यालये, बँका आणि ग्राहक मिळून ही यादी फार मोठी होत नाही. आत कंपनीतल्या प्रत्येकाचे नेमणूकपत्रातले पदनामही दुसऱ्या पानावर घ्या, मराठीत आणि इंग्रजीत. बढती झाली की त्याच दिवशी बदला, नाहीतर जुन्या पदाने गेलेले एखादे पत्र पुढे लेखापरीक्षणात प्रश्न बनून परत येते. नवे उत्तर टपालात आले की सहीखालचे पदनाम यादीशी ताडून पाहा आणि चौथ्या रकान्यातला क्रमांक नवा करा. ही फाईल तुमच्या एकट्याच्या डेस्कटॉपवर ठेवू नका, ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे तुम्ही रजेवर असतानाही पत्र बरोबर पत्त्यावर जाईल.